मी सरळ केलेली पट्टी

आमच्या धंद्यात दाराशी कोणी आलं की आधी कामावर फडकं टाकायचं आणि मग "या, बसा" म्हणायचं, असा शिरस्ता आहे. पाहुणा सख्खा मेव्हणा असला तरी हाच क्रम. मी डाय बनवतो. डहाणूच्या दक्षिणेला समुद्राकाठच्या गावांत हे काम घरोघरी पडवीत चालतं. पोलादाच्या ठोकळ्यावर छिन्नी-हातोडीने उलटी नक्षी कोरायची. सोनार तिच्यावर पातळ पत्रा ठेवून ठोकतो आणि दागिना उमटतो. नक्षी कोरायला महिना लागतो. चोरायला तळहातात लपवलेला मेणाचा एक गोळा पुरतो. दाबला, उचलला, खिशात घातला, झालं. माझे वडील पाहुण्याला पाणी देण्याआधी त्याचे तळवे बघून घेत. मी त्यांचाच मुलगा.

तेव्हा मी संशयी आहे हे आधीच सांगून टाकतो. बायको म्हणते, तुम्ही देवळातल्या घंटेलाही विचाराल, तुला कोणी वाजवायला पाठवलं.

वडील गेले तेव्हा एक ठोकळा अर्धवट राहिला होता. मोहनमाळेच्या मण्याचा. त्या मण्यावर केसाएवढ्या बारीक वळणदार रेघा, अगदी जवळजवळ, पण एकमेकींना न चिकटणाऱ्या. त्या रेघा आमच्या घराबाहेर कोणाला जमल्या नाहीत, कारण छिन्नी धरायची वडिलांची रीत वेगळी होती. सगळे छिन्नी पेनासारखी चिमटीत धरतात. वडील अंगठ्याजवळच्या बोटाचं शेवटचं पेर वाकवून छिन्नीच्या मागे आकड्यासारखं अडकवायचे. हातोडीचा ठोका पडला की ते वाकलेलं पेर छिन्नीला केसभर मागे ओढतं, आणि रेघ जिथल्या तिथे थांबते. ही पकड त्यांनी मला मागच्या खोलीत दार लावून शिकवली. तोंडाने काही सांगितलं नाही, कागदावर काढून दाखवलं नाही. माझ्या बोटावर स्वतःचं बोट ठेवून दाबलं, तेवढंच.

तो ठोकळा पिवळ्या फडक्यात गुंडाळून मी तांदळाच्या पिंपात ठेवला होता. गिऱ्हाइकांची कामं उरकली की पुरा करू, पुरा करू, असं वर्षानुवर्षं चाललं. पन्नाशी उलटली तेव्हा ठरवलं की आता बस्स, आधी हा ठोकळा. त्यासाठी नवी छिन्नी काढली, डाव्या हातात दगड धरून तिला धार लावायला बसलो, आणि हात सटकला. धार डाव्या हाताच्या नेमक्या त्याच बोटावर बसली, आतल्या बाजूने, मधल्या पेरावर.

जखम नखाएवढी. हळद दाबली, चिंधी बांधली, रक्त थांबलं. आम्हा लोकांना असल्या जखमा म्हणजे डास चावल्यासारख्या. पण संध्याकाळी बोट मिटून बघितलं तर मधला सांधा वाकला आणि शेवटचं पेर तसंच ताठ. पुन्हा केलं. पुन्हा तसंच. मी दोन दिवस कोणाला काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी जेवताना ताट सरकवलं तेव्हा बायकोने माझा हात धरून समोर घेतला.

"हे बोट असं काय करताय?"

"सूज आहे."

"सूज असती तर जाड दिसलं असतं. हे मेल्यासारखं दिसतंय."

डहाणूच्या डॉक्टरने बघितलं न बघितलं आणि सीमेपलीकडे गुजरातेत एका सर्जनकडे पाठवलं. नस कापली असेल, असं मी म्हणालो. सर्जन म्हणाला, नस नाही, टेंडन. मी म्हटलं, एवढ्याशा जखमेला ऑपरेशन? तो म्हणाला, उशीर केलात, आणखी केलात तर जोडता येणार नाही. मला वाटलं, दुकानदारही असंच म्हणतात, आजच घ्या, उद्या संपेल. पण बायको शेजारी बसली होती. ऑपरेशन झालं.

सर्जन सोडताना म्हणाला, "मी शिवलंय, पण निम्मं काम अजून बाकी आहे. ते तलासरीची थेरपिस्ट करेल." मी मनात म्हटलं, निम्मं काम करून पूर्ण मोकळा झालास की रे.

डहाणूहून चारोटी, चारोटीला उतरून तलासरीची गाडी. हात गळ्यात बांधलेला, आणि चारोटीच्या टपरीवरचा प्रत्येक जण विचारणार, "काय झालं शेठ?" मी सगळ्यांना सांगितलं, पडलो. कारागिराचा हात गेला ही बातमी धंद्यात पसरली की गिऱ्हाईक दुसरं दार धरतं.

दवाखाना म्हणजे एका गाळ्यातल्या दोन खोल्या. थेरपिस्ट पंचविशी-सव्विशीची मुलगी. बाहेर बाकावर बसलेल्या दोन बायकांशी ती त्यांच्या पाड्यावरच्या बोलीत बोलत होती, मोबाइलवर कोणाशी तरी गुजरातीत, आणि माझ्याशी शाळेतल्या बाईंसारख्या मराठीत. एकाच तोंडात तीन भाषा ऐकल्या की मला वाटतं, यातलं खरं कुठल्या भाषेत बोलत असेल? तिने गाव विचारलं. सांगितलं तर हसून म्हणाली, "माझी आई तुमच्याकडच्या वाड्यांत चिकू काढायला यायची. मीपण आलेय लहानपणी."

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते आज लिहायला लाज वाटते, पण लिहितो. वाटलं, जिची आई आमच्या बांधावर पाणी मागून प्यायली, ती आता मला हात कसा ठेवायचा ते शिकवणार. कानामागून आली आणि तिखट झाली. मी तिला "मॅडम" म्हणायला सुरुवात केली, आणि ज्या सुरात म्हणत होतो तो तिला कळत असणार.

तिने हात उघडला, टाके बघितले, आणि माझ्या कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत बोट फिरवत म्हणाली, "काका, विहिरीवरचा रहाट बघितलाय ना? बोट वाकवणारा जोर इथे, कोपराखाली असतो. तिथून दोर निघतो तो थेट बोटाच्या टोकाला बांधलेला. तुमचा दोर तुटला होता, सर्जननी गाठ मारलीय. गाठ पक्की व्हायला सहा आठवडे लागतात. तोवर दोर ढिला ठेवायचा. म्हणून मनगट आणि हे मुठीचे सांधे वाकलेले राहतील अशी पट्टी करते."

मग तिने विजेच्या शेगडीवर पसरट भांड्यात पाणी ठेवलं. पांढऱ्या प्लास्टिकचा पत्रा कात्रीने कापला आणि त्या गरम पाण्यात सोडला. पत्रा पापडाच्या लाटीसारखा लोळागोळा झाला. चिमट्याने उचलून, पुसून, तिने तो माझ्या हाताच्या पाठीवर पसरला, दाबून बसवला, आणि मिनिट-दोन मिनिटांत तो कडक झाला. मी तिच्या हाताकडे बघत होतो. खोटं कशाला बोलू, हात चांगला होता. कडेला बोट फिरवून तिने धार मारली, कड गुळगुळीत केली, ती आमच्यातल्या कोणी कानशीने मारावी तशी.

पण पट्टी वाकडी. मनगटाशी वाकडी, मुठीशी वाकडी. आम्ही गुणियाने काटकोन तपासणारी माणसं, मला ते बघवेना. पोलाद ज्या आकारात थंड होतं त्याच आकारात राहतं. ठसा वाकडा तर माल वाकडा.

"पट्टी काढायची नाही. आंघोळीलाही नाही. दर तासाला उजव्या हाताने हे बोट हळूच मिटवायचं, मग सोडायचं आणि पट्टीला टेकेल एवढंच उघडायचं. दहा वेळा. स्वतःच्या जोराने मिटवायचं नाही, काही धरायचं नाही." हे सगळं तिने दोनदा सांगितलं आणि माझ्याकडून एकदा म्हणवून घेतलं. मग एक कागद घेतला, पट्टीसकट माझा हात त्यावर आडवा ठेवला, आणि कडेने पेन्सिल फिरवली.

"हे कशाला?"

"फाइलला लावायला."

माझ्या हाताचा ठसा घेऊन फाइलला लावायचा! निघताना कोपऱ्यात एक स्टीलचा डबा दिसला, झाकण अर्धं उघडं. आत वितळलेलं मेण होतं. भांडंभर मेण. आखडलेल्या बोटांना शेक द्यायला असतं म्हणे. बाहेर पडेपर्यंत मी उजव्या हाताने खिसा चाचपत होतो, आणि खिशात तर काहीच नव्हतं.

पुढच्या खेपेला आत शिरलो तर बाकावर कोण बसलेला असावा? आमच्याच गावचा एक डायमेकर, लग्नानंतर सासुरवाडीला झाईला जाऊन राहिलेला. वडिलांच्या त्या मण्यामागे हा माणूस वीस वर्षं लागला होता. एकदा पाहुणा म्हणून येऊन पाणी पितापिता फडक्याखाली बघायला वाकला होता. आणि आज तो थेरपिस्टच्या दारात, दोन्ही हात मनगटापर्यंत मेणाने माखलेले, वर प्लास्टिकच्या पिशव्या चढवलेल्या. बोटं आखडतात म्हणाला, संधिवात. मी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या पट्टीवर टाकला.

"झाकताय काय?" तो हसला. "मी बघितली मघाशीच. माझ्या साल्याचं बोट असंच सहा आठवडे वाकडं बांधून ठेवलं होतं. अजून वाकडंच आहे. एकदम हुक."

हे त्याने मुद्दाम सांगितलं की सहज, ते मला आजतागायत कळलेलं नाही. पण दूध आणि विरजण एका जागी आलं की दही लागायला वेळ लागत नाही.

आत गेल्यावर ती म्हणाली, "काका, पुढच्या वेळी तुमची छिन्नी घेऊन या. एखादी डायपण आणा. तुम्ही कसं धरता ते मला बघायचंय. पुढचे व्यायाम त्यावरून ठरवेन."

बाहेर तो बसलेला, आत ही माझी पकड मागतेय, आणि कोपऱ्यात मेण. आता हाताच्या काकणाला आरसा कशाला?

मी पुढच्या वेळी एक जुनी बोथट छिन्नी नेली. डाय नेली नाही, विसरलो म्हणालो. दुखऱ्या हाताने धरायची नव्हतीच, तेव्हा उजव्या हातात छिन्नी घेतली, पेनासारखी चिमटीत धरली, आणि म्हटलं, "अशी. डाव्या हाताने पण अशीच." तिने छिन्नीकडे बघितलंच नाही. ती माझ्या डाव्या हाताचं बोट बघत होती. शेवटच्या पेराच्या आतल्या बाजूला, टोकाच्या जरा खाली, माझ्या बोटाला घट्टा आहे. तीस वर्षांचा. त्यावर तिने अंगठा फिरवला.

"चिमटीत धरून इथे घट्टा पडत नाही, काका."

"तो वाडीतल्या कामाचा आहे."

"बरं," ती म्हणाली, आणि कागदावर काहीतरी लिहिलं.

ते "बरं" माझ्या डोक्यात घुसलं. गाडीत बसल्यापासून मी त्यावरच विचार करत होतो. ही हेरते. घट्ट्यावरून पकड ओळखणारी बाई साधी नाही. हिला माझं बोट बरं करायचंय की माझी विद्या काढून घ्यायचीय? बोट वाकडंच राहिलं तर कोणाचा फायदा? झाईवाल्याचा. सगळं कसं गुणियात बसत होतं. जे गुणियात बसतं ते खरंच असतं असं मानायची मला सवय.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको कोसबाडला बहिणीकडे गेली होती. मी पडवीत बसून पट्टी निरखत होतो. तिसरा आठवडा चालू होता. चुलीवर आंघोळीचं पाणी तापत होतं. आणि हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी स्वतःच्या हाताने केलं.

पट्टे सोडले. पट्टी काढून गरम पाण्यात धरली. लोळागोळा व्हायच्या आत बाहेर काढली, कारण धातू कधी काढायचा हे मला कोणी शिकवायला नको. पाटावर ठेवून मनगटाचा बाक काढला. मग मुठीचा बाक काढला. पोलादी मोजपट्टी लावून तपासली. पुन्हा एकदा पाण्यात, पुन्हा एकदा सपाट. कडेला जिथे तिने बोट फिरवून धार मारली होती तिथे मी कानस फिरवली, तिच्याहून गुळगुळीत केली. मग हातावर चढवली. सरळ. सुतासारखी सरळ. कितीतरी दिवसांनी एखादं काम हातून झालं म्हणून मी खूश होतो. शीळ घातल्याचंही आठवतं.

संध्याकाळी बायको म्हणाली, "पट्टी वेगळी दिसते आज."

"सूज उतरली ना."

दोन दिवस काही झालं नाही. बोटाच्या आत जरा ताण वाटायचा, तो मला चांगला वाटला. पी हळद आणि हो गोरी. तिसऱ्या दिवशी जेवून पडवीत आडवा झालो होतो. डोळा लागला. वाडीतून चिकू भरलेला टेम्पो बाहेर पडला, त्याने हॉर्न दिला आणि मी जागा झालो. जागं झाल्यावर माणूस काय करतो? आळस देतो. मी दोन्ही हात डोक्यावर ताणून, बोटं पसरून, पोटभर आळस दिला.

आत टक् झालं.

दुखलं नाही. शेंगेचा देठ मोडावा तेवढाच आवाज, तोही बहुतेक मलाच आला असेल. मी हात खाली घेतला. उजव्या हाताने बोट मिटवलं, सोडलं. मग जे करायचं नाही म्हणून सांगितलं होतं ते केलं, स्वतःच्या जोराने शेवटचं पेर वाकवून बघितलं. हललं नाही. आठवड्यापूर्वी दवाखान्यात तिच्या देखरेखीखाली ते किंचित, राईएवढं हललं होतं आणि ती खुदकन हसली होती. आता काहीच नाही. वाकडी पट्टी असती तर झोपेतसुद्धा माझा हात तिथवर ताणला गेला नसता. ती पट्टी त्यासाठीच वाकडी होती. हे मला टक् झाल्यावर अर्ध्या मिनिटात समजलं, आणि तिने दोनदा सांगूनही तीन आठवडे समजलं नव्हतं.

मी घाबरलो होतो, पण तलासरीला जाताना खोटं बोलण्याची तयारी रस्ताभर केली.

तिने पट्टे सोडले. पट्टी हातात घेतली. मग फाइलमधून तो पहिल्या दिवशीचा कागद काढला, टेबलावर ठेवला, आणि पट्टी त्या पेन्सिलीच्या रेघेवर आडवी ठेवली. रेघ एकीकडे चालली होती, पट्टी दुसरीकडे. त्या कागदाचा उपयोग हा होता. मी तिच्यावर नजर ठेवत होतो, आणि तिने पहिल्याच दिवशी माझ्यावर ठेवली होती.

"ही मी केलेली पट्टी नाही."

"उन्हात राहिली गाडीत," मी म्हणालो. "प्लास्टिक ते. वितळलं असेल."

तिने पट्टी उलटसुलट केली. कडेवरून बोट फिरवलं, जिथे माझी कानस फिरली होती तिथून. "उन्हात वितळली तर वेडीवाकडी होते, काका. ही कोणीतरी सरळ केलीय. आणि ज्याने केलीय त्याचा हात फार चांगला आहे."

आयुष्यात माझ्या कामाची इतकी खरी तारीफ कोणी केली नव्हती.

"पेर वाकवून दाखवा."

मी प्रयत्न केला. पेर हललं नाही. ती ओरडली असती तर बरं झालं असतं, मलाही ओरडता आलं असतं. तिने फोन उचलला आणि सर्जनशी बोलली, गुजरातीत. यावेळी मला सगळं कळलं. गाठ सुटली आहे असं ती म्हणाली. कशी, असं त्याने विचारलं असणार, कारण ती क्षणभर थांबली, आणि मग म्हणाली, झोपेत ताण बसला.

सर्जनने पुढे दोन रस्ते सांगितले. काही महिन्यांच्या अंतराने आणखी दोन ऑपरेशनं, खात्री नाही. किंवा सांधा वाकवून कायमचा जखडून टाकायचा. मी दोन्हीला नाही म्हणून घरी आलो. हात बाकी बरा झाला. बोट मधल्या सांध्यात वाकतं, कपभर चहा उचलतं, शर्टाची बटणं लावतं. साधी कामं मी सुरू केली, चिमटीतली पकड धरून, बाकी सगळे धरतात तशी. गिऱ्हाइकांना फरक कळला नाही. मला कळत होता. एकदा तांदळाच्या पिंपातून ठोकळा काढला, छिन्नीच्या मागे पेर अडकवायला गेलो, तर ते ताठ पेर मागे रेललं आणि छिन्नी रेघेबाहेर गेली. वडिलांच्या रेघेला लागणारच होती. केसभराने वाचली. फडकं गुंडाळलं आणि ठोकळा परत पिंपात ठेवला. त्या दिवशी मी रडलो. बायकोने बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

चार दिवसांनी ती म्हणाली, "त्या पोरीकडे जा."

"कुठल्या तोंडाने जाऊ?"

"बोट घेऊन जा. तोंड राहू दे घरीच."

गेलो. सोबत पिवळं फडकं, त्यात ठोकळा आणि छिन्नी. चारोटीला गाडी बदलताना पिशवी पोटाशी धरून बसलो होतो. दवाखान्यात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं, हे मी आधी दारातून बघून घेतलं. झाईवाला तर नाहीच नाही.

मी काही बोलायच्या आधीच तिने बोट हातात घेतलं. तोच घट्टा, आता जरा मऊ पडलेला. "त्या दिवशी तुम्ही खोटी पकड दाखवलीत," ती म्हणाली.

"माहीत होतं तर विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतंत?"

मी पिशवी टेबलावर ठेवली.

"काका, हे पेर आता आपणहून वाकणार नाही. पण वाकलेलं धरून ठेवता येईल. फक्त काम करताना घालायची टोपी करू, अंगठीसारखी. मला एवढंच कळायला हवं की ते किती वाकायचं आणि कुठे टेकायचं."

तिने शेगडीवर पाणी ठेवलं. मग न सांगता उठून दार लावलं आणि खिडकीचा पडदा ओढला. मी पिशवीतून फडकं काढलं. गाठ सोडायला वेळ लागला, डाव्या हाताने गाठी सोडणं अजून जमत नाही. तिने मदत केली नाही, वाट बघितली. मग टेबलावर, परक्या माणसासमोर, तीस वर्षांत पहिल्यांदा तो ठोकळा उघडा पडला. मी छिन्नी डाव्या हातात घेतली आणि उजव्या हाताने ते मेलेलं पेर वाकवून छिन्नीमागे अडकवलं. असं. इथे.

"हं," ती म्हणाली. "म्हणून तिथे घट्टा."

प्लास्टिकचा छोटा तुकडा पाण्यातून काढून तिने पेरावर गुंडाळला, घट्ट्याच्या जागी अंगठा दाबून खोलगट केला, आणि कडक होईपर्यंत माझं बोट तसंच धरून बसली. माझ्या बोटावर तिचं बोट. वाकडीच पट्टी होती ती. मला हवी तेवढी, नेमकी वाकडी. मी हातोडी मागितली. तिच्याकडे हातोडी कुठली असणार, खलबत्त्याचा बत्ता दिला. ठोकळ्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मी एक रेघ मारून बघितली. वडिलांसारखी नाही. जरा जाड. पण थांबली. जिथे थांबवायची तिथे थांबली.

तिने सवयीने कागद ओढला, पेन्सिल उचलली, आणि माझ्याकडे बघून पेन्सिल खाली ठेवली. "ही टोपी कधी फुटली, हरवली तर दुसरी करताना माप लागेल. म्हणून काढते एरवी. नको असेल तर नाही काढत."

मी कपाटाकडे बघितलं. फायलींच्या त्याच थप्पीत झाईवाल्याचीही फाइल असणार.

"कपाटाला कुलूप असतं?"

"असतं."

"किल्ली?"

"माझ्याकडेच."

छिन्नी पुन्हा धरली, पेर मागे अडकवलं, आणि हात कागदावर आडवा ठेवला. जी गोष्ट माझ्या बापाने मला कधी कागदावर काढून दिली नाही, ती.

"काढ, बाय," मी म्हटलं.

तिने मनगटापासून सुरुवात केली आणि सावकाश पेन्सिल फिरवत बोटाच्या टोकापर्यंत आली. जो हात सहा आठवडे जपायला सांगूनही मला राखता आला नाही, तो तेवढा वेळ मी हलू दिला नाही.